एक गोचीड कमी

...हसा, हसा तुम्ही! पण शेजारी म्हणून जिन्यात थांबलाच आहात तर ऐकून तरी घ्या, मी काही हौसेनं बसलेलो नाही या पायरीवर! तुम्हाला सांगतो, आमच्या प्रयोगशाळेत माझं काम काय, तर गोचिडी मोजणं! आजारी कुत्र्याचं रक्त प्यालेल्या गोचिडी, सकाळ-संध्याकाळ बरणीतून काढायच्या, मोजायच्या, वहीत आकडा टाकायचा, आणि एक जरी कमी भरली तर आतल्या माणसानं बाहेर पडायचं नाही. दार बंद! आणि आज सुटायच्या वेळेला... चाळीस होत्या हो, भरल्या एकोणचाळीस!

झालं! खुर्च्या उलट्या केल्या, मोजे झटकले, शर्ट झटकला, पँट झटकली, मी बनियनवर आणि आमच्या मॅडम भिंतीकडे तोंड करून शिकवतायत! "अहो, शोधता शोधता समजून घ्या! रक्ताबरोबर तापाचे परजीवी जंतू गोचिडीच्या पोटात जातात, तिथं त्यांच्या जोड्या जमतात..." जोड्या जमतात! आमच्या भाच्याचं तीन वर्षं कुठं जमत नाही, आणि यांचं गोचिडीच्या पोटात जमतं! "मग पोटातून अंड्यांत, म्हणजे पुढच्या पिढीचीही सोय! शेवटी लाळेच्या ग्रंथीत दबा धरून बसतात. गोचीड नव्या कुत्र्याला चिकटली की जागे होतात. पण घाबरू नका, तयार व्हायला दोनेक दिवस लागतात!"

घाबरू नका? अहो, घरी आमचा कुत्रा आहे, भोपळ्या! गेल्या वर्षी याच तापानं लघवी चहासारखी झाली होती त्याची, आठ दिवस मी आणि ही आळीपाळीनं त्याच्या उशाशी बसलोय. ती बया माझ्या कॉलरमधून घरात शिरली तर? खरं सांगतो, रडू आलं मला. आणि त्याच भरात हिला फोन करून सगळं सांगून बसलो... दोन दिवसांचंसुद्धा! चाळीस होत्या, भरल्या एकोणचाळीस!

दोन तास, दोन तास शोधलं! शेवटी मॅडम म्हणतात, "या, दमलात, लाळग्रंथी दाखवते." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, म्हटलं, "मॅडम, ही गोचीड कुठली?"

"सकाळी बरणीतूनच काढली की!"

"वहीत लिहिलीत?"

मॅडमनी हळूच वही पुढं ओढली! मला कोंडून ठेवणारी बया काचेवर चिरून पडलेली, आणि मी तिला स्वतःच्या बनियनमध्ये शोधतोय!

धावत घरी आलो. म्हटलं, "अगं, सापडली! मॅडमच्याच सूक्ष्मदर्शकाखाली होती! चाळीसच्या चाळीस भरल्या, दार उघड!" तर आतून ही म्हणते, "डोळ्यांसमोरची गोचीड जिला दोन तास दिसत नाही, त्या बाईच्या भरवशावर मी भोपळ्याचा जीव टाकू? तुम्हीच म्हणालात ना, दोन दिवस लागतात? मग बसा दोन दिवस बाहेर!" आणि तो भोपळ्या, माझ्या जागेवर, माझ्या उशीवर... घोरणं ऐकू येतंय का?

असो. जरा मानेमागं बघता का हो माझ्या? मघापासून खाजतंय.