अर्ज मागे घे म्हणायला कोणी आले नाही

जबाब, दिनांक ९ ऑगस्ट १९७७

मी सूर्यभान मुंजाजी गिराम, वय ४८ वर्षे, धंदा शेती, शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत, राहणार मौजे दुधनवाडी, जिल्हा परभणी. बोलावणे आल्यावरून आज ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की,

मी वरील गावी बायको चतुराबाई हिच्यासह राहतो. गावच्या खंडोबाची दिवाबत्ती माझ्याकडे आहे. माझ्यावर आजवर कोणताही गुन्हा दाखल नाही. राष्ट्रपतीच्या निवडणुकीला मी मागच्या महिन्यात अर्ज भरला हे खरे आहे. तो कोणा पक्षाच्या सांगण्यावरून भरलेला नाही, कोणाच्या चिथावणीने भरलेला नाही, आणि माझे डोके ठिकाणावर आहे. जमादार बन्सीधर यांनी या तिन्ही गोष्टी विचारल्या म्हणून तिन्ही सांगितल्या.

राष्ट्रपती व्हायचे होते काय, असे विचारले. नव्हते. मग अर्ज का भरला, असे विचारले. मागे घेण्यासाठी भरला. हे समोर बसलेल्या फौजदार साहेबांना पटत नाही म्हणून आमच्या गावची रीत सांगतो.

आमच्या पंचायतीची निवडणूक कधी मतदानापर्यंत गेलेली नाही. बिनविरोध करतो. पण ज्याचे काही म्हणणे असेल तो अर्ज भरतो. मग गाव त्याच्या दारी जाते, ओसरीवर बसते आणि विचारते, बाबा, तुझे काय म्हणणे आहे? तो एकच गोष्ट मागतो. गावाने कबूल केले की नारळ फुटतो आणि तो अर्ज मागे घेतो. मागच्या खेपेला बौद्धवाड्यातील मालनबाईंनी अर्ज भरला होता. त्यांनी विहीर मागितली. आम्ही खंडोबापुढे बेलभंडार उचलून शब्द देतो. त्या म्हणाल्या, मी बेलभंडार मानत नाही, मला चारचौघांत शब्द द्या. तसा दिला. विहीर झाली. आज तिला पाणी आहे. साहेबांनी येऊन बघावे.

आमच्या गावाला पूल नाही. नदी भरली की सोनपेठच्या रस्त्याला लागण्यासाठी आम्ही गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडतो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची मोठी लोखंडी कढई. तिच्यात चार-पाच माणसे बसतात आणि पोहणारे ती ढकलत नेतात. मागच्या वर्षी आषाढात काहील मधल्या धारेत फिरली. तिच्यात माझी मुलगी रुख्मिणी होती. ती बाळंतपणाला आली होती आणि तिला दवाखान्यात न्यायचे होते. त्याबद्दलचा माझा जबाब याच ठाण्यात आहे. तो पुन्हा सांगत नाही.

त्यानंतर पुलासाठी आम्ही जिथे जिथे कचेरी आहे तिथे तिथे अर्ज केले. एका ठिकाणी सांगितले की पूल आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितले की पहिल्या ठिकाणी जा.

यंदा उन्हाळा सरता सरता पंचायतीच्या रेडिओवर ऐकले की राष्ट्रपतीची निवडणूक आहे आणि ती बिनविरोध व्हावी असे मोठ्या लोकांचे चालले आहे. सरपंच किशनराव यांनी पारावर विषय काढला. ते म्हणाले, "दादा, त्यास्नी बी बिनविरोधच पायजे. मंग आपला एक अर्ज मधी पडला की येतेत का न्हाई मागं घे म्हणायला? दिल्लीचा सायब तुमच्या वसरीवर बसल, मांडी घालून." मी म्हणालो, "किशनराव, दिल्ली म्हंजे आपली पंचायत न्हाई." त्यावर मालनबाई म्हणाल्या, "गावानं मला हीर दिली. दिल्ली काय गावाहून गरीब हाय व्हय?" सगळ्यांनी माझे नाव घेतले. का घेतले ते सर्वांना माहीत होते.

मी खंडोबापुढे बेलभंडार उचलला, की पुलाशिवाय काही मागणार नाही आणि पूल कबूल झाल्याशिवाय अर्ज मागे घेणार नाही.

सूचक व अनुमोदक यांच्या सह्यांबद्दल विचारले. दहा सूचक आणि दहा अनुमोदक लागतात व ते निवडून आलेले सदस्य असावेत, एवढे आम्हाला समजले. म्हणून पंचायतीचे आताचे व मागचे असे वीस सदस्य जमवले. काहींनी सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले. ते आमदार किंवा खासदार आहेत असे अर्जात कुठेही लिहिलेले नाही. त्यांनी कोणाचे सोंग घेतलेले नाही. मतदार यादीतील माझ्या नावाची नक्कल जोडली. अनामत यात्रेच्या वर्गणीतून भरली, ती नंतर परत मिळाली.

अर्ज घेऊन मी व किशनराव रेल्वेने दिल्लीला गेलो. छाननीच्या वेळी हजर होतो. निजामाच्या वेळी शाळेत उर्दू होते, त्यामुळे तिथले बोलणे समजले. तिथे माझ्यासारखे पुष्कळ उमेदवार होते. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "पहिल्यांदाच आलात?" मी होय म्हणालो. ते म्हणाले, "मी दर वेळी येतो. चहा बरा असतो."

माझे नाव पुकारले. टेबलावरच्या साहेबांनी अर्ज पाहून विचारले, "हे वीस जण कोणत्या सभागृहाचे?" मी म्हणालो, "आमच्या पंचायतीचे." मागे लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "आमदार-खासदारांच्या सह्या लागतात. हा अर्ज नामंजूर." मी विचारले, "साहेब, मग मागे घे म्हणायला कोण येणार?" ते म्हणाले, "मंजूर झालेला अर्जच मागे घेता येतो. तुमचा मंजूरच नाही." मी पुलाचे सांगायला तोंड उघडले तेवढ्यात पुढचे नाव पुकारले.

इतक्या लांब जाऊन, मला काय पाहिजे हे कोणी विचारले नाही. ते विचारले असते आणि नाही म्हणाले असते तरी चालले असते.

गावी येऊन सर्व हकीकत सांगितली. चतुराबाईने ओसरीवर घोंगडी अंथरून ठेवली होती. अर्ज नामंजूर झाला असे सांगूनही तिने ती उचलली नाही. त्या घोंगडीवर पहिल्यांदा बसले ते जमादार बन्सीधर. त्या दिवशी पाऊस उघडलेला होता आणि नदी मांडीभर होती. ते म्हणाले, "काय राष्ट्रपती, चहा पाजता का न्हाई?" चतुराबाईने चहा दिला आणि पदर सावरून विचारले, "सायब, पुलाचं काय ठरलं?" जमादार म्हणाले, "कसला पूल? ह्याला ठाण्यात बोलावलंय." ती आत गेली. घोंगडी संध्याकाळी मीच उचलली.

आज साहेबांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुन्हा असा अर्ज करणार नाही असे लिहून द्यावे. ते मी देत नाही. मी देवापुढे शब्द दिलेला आहे आणि तो पुरा झालेला नाही. दुसरी, सह्या करणाऱ्या वीस जणांना उद्या जबाबासाठी ठाण्यात आणावे. परवापासून पाऊस लागून आहे. नदी दोन्ही थड्या भरून चालली आहे. मी आज काहिलीत बसून आलो, कारण बोलावणे मला होते. इतरांना तिच्यात बसवून आणण्याची जबाबदारी मी घेणार नाही. जबाब घ्यायचे असतील तर साहेबांनी गावात यावे. कोणी पळून जाणार नाही.

त्यावर साहेब म्हणाले, "अरे, पण एवढ्या पाण्यात मी पलीकडं येऊ कसा?"

मी म्हणालो, "साहेब, एवढंच विचारायला मी दिल्लीला गेलो होतो."

हे लिहू नको, असे साहेब लेखनिकाला म्हणाले. ते लिहिल्याशिवाय सही करणार नाही असे मी सांगितले, म्हणून लिहून घेतले आहे.

वरील सर्व मजकूर लेखनिकाने मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जे बोललो तेच त्यात आहे, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

सही
सूर्यभान मुंजाजी गिराम