नकाशावरचा डोह

मनसाराम : ‘प्रफुल कोन आहे बे तुमच्या गावात? त्याले थँक्यू सांगजा.’ असं म्हनला तो जीपवाला. माह्या तोंडावर. म्या काय सांगाव त्याले? माहा नातू आहे म्हनून?

प्रफुल : मी बलावलं होतं का त्याले? सकाळपासून तेच धरून बसले तुमी, आबा. सायकलवर मागं बसून बी तेच. पंधरा किलोमीटर!

मनसाराम : मंग हा कागद त्याच्या हाती कुठून आला?

(धानोऱ्याच्या एसटी स्टँडामागचं बाबूभाईंचं इंटरनेटचं दुकान. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक बंद.)

बाबूभाई : मनसाराम भाऊ, बैठो. पहिले पानी प्या. एवढ्या उन्हात पोट्ट्यावर चिल्लावून काय होनार आहे? दाखवा इकडं... हां. नेटवरचा नकाशा आहे. प्रिंट काढला कोनीतरी, तीन मे दोन हजार आठ. ‘धाकटा डोह. उन्हाळ्यात पण भरपूर पाणी. मोठे मासे. माहिती : प्रफुल.’

मनसाराम : वाचू नका, बाबूभाई. पाठ झालं मले.

बाबूभाई : पन झालं काय?

मनसाराम : ब्लीचिंग टाकलं पान्यात. इतवारच्या रोजी. दोन गोन्या. घंट्याभरात सारे मासे उलटे. मोठे मोठे उचलून जीपमंदी घातले, बारके सोडून दिले सडाले. हा कागद बी तिथीच टाकून गेले, भजे खाल्ले होते त्याच्यावर.

बाबूभाई : तौबा.

मनसाराम : अंड्यावरच्या मादा होत्या त्या. होळी झाली का आमच्यातला कोनी डोहात जाळं नाई टाकत. काठावर पळसाची फांदी रोवतो आमी. ते पाह्यलं का ढिवराचं लेकरूबी हात धुवाले उतरत नाई. बाकी नदी सुकून जाते ना. डोहात जे जगते, तेच बरसातीत नाल्यानाल्यानं वर चढते. आमचं बियानं आहे ते, बाबूभाई. अख्ख्या मोहल्ल्याचं.

बाबूभाई : अन् तू काऊन टाकलं बे नकाशावर? याच खुर्चीवर बसून टाकलं ना?

प्रफुल : तुमीबी सुरू झाले! तुमीच तर दाखवलं होतं मले, ‘देख, यहाँ अपना गाँव भी डाल सकते’ म्हनून. तिथी धानोऱ्याच्या पुढं काईच नव्हतं. हिरवं. नुस्तं हिरवं, जसं कोनी राहतच नाई. ऑर्कुटवर तो घुग्घुसचा जाहिद म्हने, ‘तुमी अस्वलासंग झोपता का बे?’ मंग मी टाकलं एकेक. शाळा, बोअरिंग, देवाचं झाड, मैनाकाकूचं घर. त्रेचाळीस जागा टाकल्या, आबा. जो जास्त टाकते, त्याले स्टार भेटते. नववीपर्यंत मले काय भेटलं शाळेत? छड्या. इथी माह्या नावापुढं तीन स्टार आहेत.

मनसाराम : अन् त्रेचाळीसमंदी डोहबी.

प्रफुल : दोन डोह.

मनसाराम : दोन?

प्रफुल : धाकटा अन्... बुढीचा.

मनसाराम : बुढीचाबी टाकला तू.

प्रफुल : म्हनून तर आनलं ना तुमाले! ‘माह्या डोळ्यासमोर पुस’ म्हनले ना? घ्या. पुसतो. बाबूभाई, हे काऊन गोल गोल फिरून राह्यलं?

बाबूभाई : टेलिफोनची लाइन आहे बेटा, मेट्रो नाई. अन् घाई कर. बारा वाजता लोडशेडिंग आहे.

प्रफुल : आलं. हे पाहा आबा, बुढीचा डोह. हे इथी दाबलं का खलास... हे काय आहे? इंग्रजी काऊन बोलून राह्यलं?

बाबूभाई : सरक. म्हनते, तुमची विनंती मिळाली. पाच मेंबर हो म्हनले तर जागा मिटवू.

प्रफुल : पाच? मी टाकली, एकट्यानं टाकली!

बाबूभाई : टाकायले एक लागते, मिटवायले पाच. दुनिया ऐसीच है.

मनसाराम : त्याच्या खाली काय लिवलं आहे?

प्रफुल : काई नाई.

मनसाराम : वाच.

प्रफुल : ‘एक नंबर जागा. पुढच्या रविवारी आमची गँग.’ गडचांदूरचा आहे कोनी. अन् ऑर्कुटवरबी टाकलं त्यानं.

मनसाराम : पुढचा इतवार म्हनजे परवा.

प्रफुल : हौ. परवा.

बाबूभाई : असं कर. लिव ना खाली, ‘डोहात मगर आहे.’

प्रफुल : मंग तर दोन जीपा येतीन. मगर पाहाले.

बाबूभाई : वो भी सही है.

मनसाराम : सरक जरा. हे करडं करडं काय होय?

प्रफुल : रेती. नदी आहे आबा, वरतून. उन्हाळ्यातला फोटो आहे. काळं दिसते ते पानी.

मनसाराम : वरतून... असं गिधाडाले दिसत असन. होते तवा. हा आपला नाला. हे मोहफुलाचं झाड, पोचूच्या धानाच्या बांधीतलं. हे तर पडलं ना, मागच्या साली?

प्रफुल : जुना फोटो आहे. दोन-तीन सालाआधीचा असन.

मनसाराम : मंग रुखमा होती तवा. तुही आजी.

प्रफुल : हौ. होती.

मनसाराम : हे आपल्या छपराचे कवेलू. घरात असन ती. भात लावून राह्यली असन.

प्रफुल : मानसं नाई दिसत आबा याच्यात.

मनसाराम : माहीत आहे मले.

बाबूभाई : चाय सांगू का, भाऊ?

मनसाराम : सांगा.

प्रफुल : आबा, थांबा. हे काय आहे? नदीच्या वरच्या अंगाले. डोंगर उतरते ना पान्यात, त्या कड्याखाली. हे काळं.

मनसाराम : कुठी?

प्रफुल : इथी. तुमी तिथून बोट काऊन उचललं?

मनसाराम : सावली असन. कड्याची.

प्रफुल : सावली कशी? ह्या साऱ्या झाडाइच्या सावल्या डाव्या बाजूले पडल्या. हे उजव्या बाजूले आहे. पानी आहे हे! अन् केवढं आहे पाहा, बुढीच्या डोहाच्या दुप्पट. बाबूभाई, तुमी पाहा बरं, पानी आहे का नाई?

बाबूभाई : मले चष्म्याशिवाय काई दिसत नाई बेटा.

प्रफुल : चष्मा तर लावून आहे तुमी!

बाबूभाई : मग नंबर बदलला असन. मी चाय पाहून येतो.

प्रफुल : आबा.

मनसाराम : सावली आहे.

प्रफुल : मी लहानपनापासून नदीत आहे. मले काऊन नाई माहीत?

मनसाराम : माह्या बापाच्या हातून जाळं फेकनं होईना तवा त्यानं मले नेलं तिथी. एकदाच. म्हने, कोनी विचारलं तर सावली म्हनजो. एकानं एकालेच सांगाचं असते, तेबी हात थकल्यावर. तुह्या बापाले सांगनार होतो. तो सिमेंटच्या कारखान्यात गेला, जाळं खुटीले टांगून. मंग कोनाले सांगाव? तुह्या हाती तर सदा हे उंदीर.

प्रफुल : माऊस म्हनतेत त्याले.

मनसाराम : एखाद्या साली सारे डोह सुकले, तर त्याच्यातलं बियानं कामी येते. माह्या जन्मात दोनदा आलं.

प्रफुल : अन् आता परवाच्यानंतर...

मनसाराम : हौ. आता तिसऱ्यांदा लागन.

प्रफुल : मले मारा, आबा. एक थापड तरी मारा.

मनसाराम : आता हात उठत असता, तर जाळंच नसतं का फेकलं?

बाबूभाई : घ्या, चाय. पाच मिनिट उरले लाइन जायले. प्रफुल, हा डबा कशाले उघडला? ‘या जागेचं नाव लिहा’ म्हनून राह्यलं.

प्रफुल : माह्यानं दाबल्या गेलं. हाताले सवय आहे.

बाबूभाई : मग काय लिवतो?

प्रफुल : काई नाई. बंद करा.

बाबूभाई : अरे, पन तू तर म्हनत होता पानी...

प्रफुल : सावली आहे ते, बाबूभाई. कड्याची.

मनसाराम : चव्वेचाळीसवी जागा होती. चौथा स्टार भेटला असता का रे?

प्रफुल : भेटला असता.

मनसाराम : हं.

प्रफुल : तुमी चाय पिऊन एसटीनं या. सायकल मी नेतो. परवा जीप अडवाले बुढीच्या डोहावर दहा-बारा पोट्टे तरी बसवा लागतीन, अन् इतवारी दुपारी ते झोपले का उठत नाई, आजच सांगा लागन. मले निघा लागते आता.