बांबूचे दहा तुकडे

डहाणूच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या अंबूबाईंच्या शेजारी वेवजीहून आलेले बापलेक बोलत होते.

“बाबा, एका बांबूचे दहा तुकडे करायला तो किती वेळा कापायचा?”

“दहा वेळा.”

अंबूबाईंनीही मनात दहाच म्हटलं होतं.

“नाही. हातात कोयता आहे असं समज, मग सांग.”

बापाने कोयता धरल्यासारखा हात हवेत चालवून पाहिला.

“नऊ. शेवटचा तुकडा आपसूकच सुटतो.”

“आमच्यात कुणालाच नाही आलं हे.”

“रविवारच्या त्या कोड्यांच्या वर्गात?”

“हो. कोडी सोडवून पोट भरतं का म्हणालास, म्हणून आता नाही जाणार मी.”

“जा. पण उत्तर कुणी काढलं, ते सांग वर्ग घेणाऱ्या तुझ्या ताईला.”