तिसऱ्या पिंपाची पाचर

(सकाळ. ग्वेंडाच्या पबाचं तळघर.)

ब्रायनी : चार पिंपं. दोनांत माशाची खळ, दोनांत नाही. आठ दिवस कुणी हात लावला नाही, काल तोट्या बसवल्या, प्रत्येकातली अर्धी बिअर गेली. रात्री सगळी पिंपं आडवी, सरळ होती, एकही कललेलं नव्हतं. आता तिसऱ्याच्या मागे लाकडी पाचर आहे.

क्लिफर्ड : ती मी ठोकली.

ब्रायनी : बाबा.

क्लिफर्ड : अर्धं संपलं की मागून उचलायचं, म्हणजे उरलेली तोटीकडे येते. चाळीस वर्षं हेच करतोय, पोरी. सवयीने हात गेला. खळ असती तर हललेला गाळ दुपारपर्यंत परत बसला असता.

ब्रायनी : हे बिनखळीचं आहे. उठला की उठला.

क्लिफर्ड : मग ते सोडून दे. परत येणारे पेले तिघांचेच मोजू. माझी चूक तुझ्या माथी नको.

ब्रायनी : नाही. पबातली माणसंही अशीच पाचर ठोकणार. मोजायचं तर तेही मोजायचं.

ग्वेंडा : माझ्या माणसांना मध्ये ओढू नकोस. आणि आज समोरच्या मैदानावर क्रिकेट आहे. खिडकीशी बसणारे पेला उजेडात धरून बघतात. गढूळ दिसला की ओठाला न लावता परत.

ब्रायनी : म्हणून तर तुमचा पब निवडला.

ग्वेंडा : मला अजून कळलेलं नाही. बार्ली, हॉप्स, पाणी, यीस्ट. यात व्हीगन माणसाला अडतं कुठे?

ब्रायनी : माशाच्या पोटातल्या फुग्यात. तो वाळवून, विरघळवून पिंपात घालतात. त्याची खळ गाळ धरून खाली नेते.

क्लिफर्ड : आणि खालीच राहते. पेल्यात येत नाही.

ब्रायनी : चहात मासा ढवळून काढला, तर तुम्ही तो चहा प्याल?

क्लिफर्ड : साखर असेल तर.

ग्वेंडा : पिईलही. ह्याला नको विचारूस.

ब्रायनी : सहा वर्षं मी आपल्या ब्रुअरीची बिअर प्यायलेली नाही. आणि तुम्ही म्हणता, एप्रिलपासून ती तू चालव. जे मी पीत नाही ते लोकांना कुठल्या तोंडाने देऊ?

क्लिफर्ड : शब्द दिलाय ना? आज बिनखळीच्या दोन पिंपांतले पाचाहून जास्त पेले परत आले तर खळ राहणार. नाहीतर सोमवारपासून बंद.

ब्रायनी : राहिली तर मी लीड्सच्या प्रयोगशाळेतली नोकरी घेते.

क्लिफर्ड : हे कधी ठरवलंस?

ब्रायनी : काल. पाचर बघूनही बदललं नाही.

क्लिफर्ड : बरं. पाचर आता काढायची नाही, पुन्हा हलेल. दार उघडायला तास आहे. तोवर जिन्यावर कुणी पाय आपटायचा नाही. ग्वेंडा, वरचा तो जुना फ्रीज बंद कर. फरशी हादरते.

ग्वेंडा : त्यात आइस्क्रीम आहे.

क्लिफर्ड : विरघळू दे.

(संध्याकाळी सहा. तेच तळघर.)

ग्वेंडा : खळवाल्या दोनांतून त्रेसष्ट गेले, परत दोन.

क्लिफर्ड : ते राहू दे. चौथं?

ग्वेंडा : एकतीस गेले. परत एकही नाही.

ब्रायनी : तिसरं?

ग्वेंडा : अठ्ठावीस. पहिले तीन लागोपाठ परत आले. मग बराच वेळ एकही आला नाही. चारच्या सुमारास आणखी एक.

क्लिफर्ड : त्यानंतर?

ग्वेंडा : त्यानंतर पिंप संपलं.

क्लिफर्ड : लिही, पोरी.

ब्रायनी : बिनखळीचे एकोणसाठ पेले. परत चार.