तिचे डोळे मी रंगवले

मी मूळचा सोनगीरचा, पण हयात गेली पारोळ्यात, बाजारातल्या एका अरुंद स्टुडिओत, बाप फोटोवाला म्हणून मीबी फोटोवाला, काय सांगू तुम्हाले, नवऱ्या मुलींपासून आबा-नानांपर्यंत बठ्ठे माझ्या स्टुलावर बसून गेले. तव्हा हातात पुस्तक धरून फोटो काढायची लोकांले फार हौस, म्हणून मी रद्दीतून एक जाडजूड जुनी कादंबरी आणून ठेवेल होती, कितीक हातांतून गेली ती, पण उघडून कोणी पाहिली नाही, मीबी नाही.

एक दिवस बायको डबा घेऊन आली, सुमन तिचं नाव, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, ती म्हणे यामा काय लिखेल शे, मालेबी वाची दखाडा. झालं. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं का मी वाचायचो, ती ऐकायची, डोळे मिटून. मी म्हणे झोपली का, ती म्हणे नही, डोया मिटात का बठ्ठं दिसस. त्यातल्या राणीसाठी रडायची, भाजीत मीठ विसरायची, मी चिडायचो, अन् मग पुढं वाचल्याबिगर मलेबी राहवायचं नाही.

ती असंच ऐकत असताना एकदा मी तिचा फोटो काढला. चाळीस वर्षांत तेवढा एकच, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. धुतला तर डोळे मिटलेले. आमच्या धंद्यात असा फोटो गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून वरून बारीक ब्रशानं उघडे डोळे रंगवतात, माझा हात त्यात नावाजलेला, पार धुळ्याहून कामं यायची. सवयीनं तिचेबी रंगवून टाकले, चांगले टपोरे. तिले दाखवला तर हसली, म्हणे हाई कोण शे? मीबी हसलो.

गेल्या साली ती गेली. मधी धंद्याच्या धावपळीत वाचन सुटलेलं, कादंबरीचा शेवट राहूनच गेला होता, ती आजारी पडली तव्हा मी म्हटलेलं आधी बरी हो, मग वाचू. फोटो भिंतीवर लावला अन् पाहतो तर काय, ती ती नाहीच, ते डोळे माझ्या ब्रशाचे. पुसायले गेलो तर खालचा कागदच निघायले लागला. निगेटिव्ह केव्हाच खराब झालेली. माझ्याच हातानं घालवली हो मी तिले. फार रडलो.

आता दुपारी फोटो मांडीवर घेतो, तिच्या डोळ्यांवर दोन बोटं ठेवतो अन् मग पुस्तक उघडतो. शेवटचं पान काही माझ्यानं वाचवत नाही. तुम्ही मोबाइलवर काढता ना घरच्यांचे, काढा, सुखी राहा, पण कोणाचे डोळे मिटलेले आले तर तो फोटो खोडू नका भाऊ, असू द्या.