कोलाड नाक्यावर माझं मरण

...नाय, मेलो ते मेलो, पण मला कळवायचं तरी! तुम्हाला सांगतो, जित्या माणसाला मारायचं, ते पण उर्दूत, आणि वर त्यालाच म्हणायचं, 'कमळाकरशेठ, एक कटिंग द्या'... ही काय रीत झाली?

मारला कोणी? आमच्या महमूद टेलरनं! कोलाड नाक्यावर माझं चहाचं हॉटेल, शेजारी त्याचं दुकान. पायजमे शिवता शिवता अफसाने लिहितो. अफसाना म्हणजे उर्दूतली गोष्ट हो, मुंबईच्या मासिकात येते, पार कुवेतपर्यंत जाते! वर्षभर माझ्या बाकड्यावर बसून मलाच न्याहाळत होता. म्हटलं, 'काय एवढं बघता?' तर म्हणतो, 'शेठ, तुमच्यावर लिवतोय. अफसाना खरा पायजे!' मी खूश! त्या आठवड्यात चहात दूध जरा जास्तच घातलं, बोला!

आणि लिहिलं की खरं! खांद्यावरचं फडकं, बायकोवर, काशीबाईवर खेकसणं, गिऱ्हाईक लागावं म्हणून सकाळी पहिला चहा रस्त्यावर ओततो ते... सगळं! फक्त शेवटी काय, तर तो चहा ओतायला मी हायवेवर उतरतो आणि... ट्रक! खलास!

मला कुठं उर्दू येतं? छापून आलं म्हणून पेढे वाटले मी! स्वतःच्या मरणाचे!

तिकडे कुवेतात नोकरीला असलेल्या आमच्या ओळखीच्या हमझानं वाचलं, खरंच धरलं, लगेच रोह्याला आईला फोन. ती त्याची आई, ताजुन्निसाचाची, थेट आमच्या घरी, काशीबाईच्या गळ्यात पडून, 'कसा झाला गो बाय! जाम भला होता गो!' काशीबाई म्हणते, 'अगो, ते मोरीत आंघोळ करतायत!' आणि हमझाच्या खोलीतली पोरं म्हणे त्या रात्री जेवली नाय! जिवंतपणी कोणी 'शेठ, बरं हाय ना?' विचारलं नाय हो... बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी मरायचं?

गेलो महमूदकडे. म्हटलं, 'मला उठवा! पुढच्या अंकात लिहा, दवाखान्यात नेला, वाचला!' कात्री खाली ठेवून गंभीरपणे म्हणतो, 'नाय जमायचं, शेठ. चहावाला ट्रकखालून वाचला, कोणाला पटेल? अफसाना खरा पायजे!'

म्हणजे मी समोर उभा, श्वास चालू, आणि मीच खोटा?

आता शेजार हाय, काय करणार? त्याला चहा अजून देतो. पण तुम्हाला सांगतो, सकाळचा पहिला चहा हल्ली पायरीवरूनच फेकतो... न जाणो, एखाद दिवशी अफसाना खरा व्हायचा!