पुलाच्या पलीकडे घुमट आहे

लेक : मास्क नाकावर घ्या बाबा. हनुवटीला काय धूर लागणारे?

बाबा : गुदमरतं गं त्यात. अख्खं शहर खोकतंय, आपणही खोकू. पाहुण्यानं यजमानांच्या रीतीनं राहावं.

लेक : चेष्टा सुचतेय तुम्हाला! माझं डोकं उठलंय. दोन वर्षं ऑफिसात एक रजा घेतली नाही, सगळ्या साठवल्या. कशासाठी, तर परदेशात येऊन धूर खायला. हॉटेलपासून या पुलापर्यंत येता येता सकाळ संपली. माणसावर माणूस, कानाशी भोंगे. आणि म्हणे जगातला सगळ्यात देखणा पूल!

बाबा : कोण म्हणे?

लेक : तुम्हीच! जन्मभर फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवलेत, त्यातले निम्मे याच नदीकाठाचे. हिरवीगार नदी, पलीकडे तो घुमट. आपल्या गावातलं एक जोडपं दाखवा, ज्याचा लग्नाचा फोटो त्या घुमटापुढे नाही.

बाबा : कॅलेंडरवरून उचलला होता गं. त्यात नदी निळी होती. माझा निळा रंग संपला, म्हणून हिरवी केली. कुणी हू की चू केलं नाही.

लेक : आणि मी वेडी! मला वाटायचं, पडद्यामागे ते शहर खरंच आहे. गुपचूप मागे जाऊन बघायची, तर बांबू आणि तुमचे रंगाचे डबे.

बाबा : आणि मग रुसून बसायचीस. जेवायचीसुद्धा नाहीस.

लेक : आजही जेवण जायचं नाही मला. खाली नदी बघा... काळी ढुस्स. फेस आलाय.

बाबा : वासावरून कळलं. आणि घुमट?

लेक : समोर असणार. काही दिसत नाहीये.

बाबा : काहीच नाही? खरं सांग हं. माझं मन राखू नकोस.

लेक : मन कसलं राखतेय? तो फुगेवाला चाललाय ना समोरून, त्याचे नुसते फुगे दिसताहेत. खाली माणूसच नाही.

बाबा : हो की! मलाही नुसते फुगेच. मज्जा आहे. घरी सगळ्यांना लख्ख दिसतं, मी एकटा ढगात. इथे सगळेच ढगात! बरं वाटतंय गं मला. झोपेत चालल्यासारखं. माणसं जवळ येतात, विरून जातात, कुणाला धक्का लागला तरी कुणी वसकन अंगावर येत नाही. इथेच बसू या आपण, कठड्याला टेकून.

लेक : बसू या काय बाबा? डॉक्टर म्हणाले, काय दाखवायचं ते आत्ताच दाखवा, पुढे नजरेचा भरवसा नाही. उद्या आपलं विमान आहे. एकदा, फक्त एकदा तो घुमट तुमच्या डोळ्यांना दिसू दे, एवढंच मागत होते मी. तेवढंही नाही मिळायचं.

फोटोवाला : अरे वा, आपली भाषा! कानावर पडली आणि पाय अडलेच. नमस्कार काका, नमस्कार ताई. बरीच वर्षं झाली, इथेच फोटो काढतो. काढू का एक? घुमटासकट?

लेक : घुमट आहे कुठे?

फोटोवाला : हा काय, दहा पावलांवर! पडदा बांधलाय ना कठड्याला.

लेक : खऱ्या घुमटासमोर घुमटाचा पडदा?

फोटोवाला : काय करणार ताई? माणसं कुठून कुठून येतात आणि तोंड पाडून परत जातात. धुराचा फोटो कोण काढून घेणार? आणि मलाही पोट आहे.

बाबा : मला जरा पडद्याजवळ ने.

(बाबा पडद्यावरून हात फिरवतात.)

बाबा : कापड नाही हे. रंगाचा थरही नाही. प्लास्टिकवर छापलंय.

फोटोवाला : बरोबर ओळखलंत. रंगवलेले पडदे या हवेत टिकत नाहीत हो.

बाबा : नदी कशी केलीय? निळी की हिरवी?

फोटोवाला : म्हणजे? निळीच की. नाक टेकलंय तुमचं तिला.

लेक : बाबा.

बाबा : अगं, हा धूर...

लेक : पडदा नाकाशी आहे तुमच्या, बाबा. मध्ये धूर नाहीये.

बाबा : हं.

लेक : मग मघाचे फुगे?

बाबा : तू म्हणालीस फुगे. मी आपली री ओढली.

लेक : कधीपासून हे?

बाबा : तिकिटं काढलीस, त्याच्या थोडं आधीपासून. उजेड कळतो. बाकी गेलं.

लेक : आणि बोलला नाहीत? मग आलात कशाला इतक्या लांब? हालच करून घ्यायला?

बाबा : तू रजा साठवत होतीस. रोज कॅलेंडरपुढे उभी राहून मोजायचीस, मला ऐकू यायचं. कुठल्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगू? मला बघायचं होतं म्हणून नाही आलो. मी रंगवून रंगवून पोट भरलंय माझं. पडद्यामागे जायचीस ती तू. म्हटलं, पोरीला एकदा खरं दिसू दे. इथे आलो तर हा धूर. मनात म्हटलं, चला, आपली झाकली मूठ राहिली.

फोटोवाला : ताई... अहो ताई, मध्येच बोलतो, पण तिकडे बघा! वारा फिरला. पटकन बघा, असं क्वचित होतं!

बाबा : काय झालं? लोक का ओरडताहेत?

लेक : घुमट, बाबा. दिसतोय. वरून खाली सगळा दिसतोय. थांबा, सांगते तुम्हाला, त्याच्या कडेला ना... सांगते हं...

बाबा : रडतेस काय, वेडे? मला घरी गेल्यावर सांग. आधी डोळे पूस आणि बघून घे.